बंद पडलेले घड्याळ आणि न विचारलेला प्रश्न

गेल्या मे महिन्यात आमची मुलगी बेंगळुरूहून सुट्टीला आली, ती आंब्यांसाठी एक रिकामी पिशवी आणि लॅपटॉपमध्ये भरलेल्या इंग्रजी मालिका घेऊनच. दुसऱ्याच दिवशी जेवणे आटोपल्यावर ती म्हणाली, "आई, तू दरवर्षी वर्गात फाळणी शिकवतेस ना? मग हा एक भाग बघच." मी विचारले, कशाचा भाग? तर म्हणे 'डॉक्टर हू'चा. परग्रहावरचे प्राणी, काळात मागेपुढे धावणारे यंत्र आणि त्यात आपली फाळणी! इतिहासाच्या प्राध्यापिकेच्या कपाळावर आठी पडायला एवढे पुरेसे होते.

तरीही बसले. माझ्या सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत शेजारीच बसल्या. सासूबाईंचे माहेर बैलहोंगलकडचे. मराठी त्यांना समजते, पण मनातले बोलतात ते कानडीतच. त्यामुळे पडद्यावर इंग्रजी, मुलीचे अज्जीसाठी कानडी भाषांतर आणि मधूनमधून माझ्या मराठी शंका, असा आपल्या भागातल्या घराला शोभेल असा तिरंगी सामना सुरू झाला. पन्नास मिनिटांनी तो संपला तेव्हा शेंगांचे सूप तसेच पडून होते आणि तिघींपैकी कोणीच उठत नव्हते.

वाचकहो, त्या पन्नास मिनिटांविषयी आणि त्यानंतर सासूबाई जे एक वाक्य बोलल्या त्याविषयी हा लेख आहे.

इतिहासाची बाई आणि निळी पेटी

'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. डॉक्टर नावाचा परग्रहावरचा एक प्रवासी 'टार्डिस' नावाच्या यंत्रातून कोणत्याही काळात आणि कोणत्याही ठिकाणी जातो. ते यंत्र बाहेरून इंग्लंडमधल्या जुन्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन पेटीसारखे दिसते, आतून मात्र प्रचंड मोठे आहे. मालिकेचा पहिलाच भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनौमध्ये जन्मलेले होते आणि त्या वेळी त्यांचे वय होते अवघे चोवीस.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. सुरुवातीला डॉक्टरबरोबर प्रवासाला निघालेल्या मंडळींत शाळेतले दोन शिक्षक होते, एक विज्ञानाचे आणि एक बाई इतिहासाच्या! मुलांना हसतखेळत विज्ञान आणि इतिहास कळावा हा त्यामागचा हेतू होता. म्हणून एका गोष्टीत भविष्यकाळ, तर दुसऱ्या गोष्टीत भूतकाळ, असा क्रम ठेवला जाई. १९६४ सालच्या 'द ॲझटेक्स' या कथेत ही इतिहासाची बाई, बार्बरा, मेक्सिकोतल्या प्राचीन ॲझटेक लोकांत जाऊन पोचते. लोक तिला देवीचा अवतार समजतात. हातात सत्ता आली आहे तर नरबळीची प्रथा बंद पाडू, असे ती ठरवते. डॉक्टर तिला बजावतो की इतिहासातली एक ओळसुद्धा बदलता येणार नाही. ती ऐकत नाही, जिवापाड प्रयत्न करते आणि हरते.

इथे आपल्याला जयंत नारळीकरांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले नायकही इतिहासाचेच प्राध्यापक आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर पुढचा हिंदुस्थान कसा असता, ते त्यांना एका वेगळ्याच जगात प्रत्यक्ष पाहायला मिळते. नारळीकरांच्या कथेत इतिहासाला फाटा फुटतो. 'डॉक्टर हू'च्या या प्रकारच्या गोष्टींत बहुधा तसे होत नाही. घडले ते घडले. पाहुण्याने फक्त पाहायचे. आता नुसते पाहण्यात कसली आली गोष्ट, असे मलाही वाटले होते.

आजीचे घड्याळ

आम्ही पाहिलेल्या भागाचे नाव 'डेमन्स ऑफ द पंजाब', म्हणजे पंजाबातले राक्षस. तो ११ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रथम दाखवला गेला. लेखक विनय पटेल हा भारतीय वंशाचा ब्रिटिश नाटककार. त्या वर्षी प्रथमच डॉक्टरची भूमिका एका स्त्रीकडे, जोडी व्हिटेकरकडे आली होती.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात. डॉक्टरची सोबतीण यास्मिन, घरची यॅझ, हिच्या आजीचा वाढदिवस आहे. आजीचे नाव उम्ब्रीन. आजी नातींना भेटी वाटते आणि यॅझच्या हातावर एक फुटके, बंद पडलेले घड्याळ ठेवते. हे कधीही दुरुस्त करायचे नाही, एवढीच अट. का, ते सांगायला मात्र ती तयार नाही. पाकिस्तानात लग्न झालेली पहिली बाई मीच, असेही ती अभिमानाने सांगते. पण त्यापुढे गप्प.

नातीला राहवत नाही. ती डॉक्टरला गळ घालते आणि मंडळी जाऊन पोचतात ती ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात. तिथे तरुण उम्ब्रीन उद्या बोहल्यावर चढणार आहे. पण नवरा कोण? यॅझने फोटोत पाहिलेले आजोबा नव्हेत. हा आहे प्रेम, शेजारच्या शेतातला हिंदू तरुण, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या सैन्यातून लढून परत आलेला. म्हणजे आजीने जन्मभर जपलेले घड्याळ आजोबांचे नव्हतेच! मुलीने हे भाषांतर करून सांगितले तेव्हा सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

लग्न लावायला निघालेला साधू रानात मरून पडलेला सापडतो आणि प्रेताशेजारी दोन भयानक आकृती उभ्या असतात. परग्रहावरचे हे थिजेरियन. कोणे एके काळी मारेकरी म्हणून कुप्रसिद्ध. सिंगापूरच्या लढाईत थोरला भाऊ मेला तेव्हाही प्रेमने यांनाच त्याच्याशेजारी पाहिलेले असते. साहजिकच हेच राक्षस, हेच खुनी, असे सगळे धरून चालतात. प्रेक्षकही. अशा मालिकांत दुसरे काय असणार?

आणि नेमके इथे विनय पटेलने आपल्या पायाखालची सतरंजी ओढली आहे. थिजेरियन कोणालाच मारत नाहीत. त्यांचे स्वतःचे जग एका क्षणात नष्ट झाले, तेव्हा ते दूर होते. आपल्या माणसांच्या शेवटच्या घटकेला आपण जवळ नव्हतो, त्यांच्यासाठी कोणी रडलेसुद्धा नाही, हे शल्य त्यांना लागून राहिले आहे. तेव्हापासून त्यांनी शस्त्र सोडले. जो जो एकटा मरतो आहे, ज्याच्या मरणाची नोंद घ्यायला कोणी नाही, त्याच्याजवळ जाऊन ते उभे राहतात. वाचवू शकत नाहीत. फक्त साक्षी राहतात.

मग साधूला मारले कोणी? प्रेमच्या सख्ख्या धाकट्या भावाने, मनीषने. हिंदू-मुसलमानाचे लग्न लावायला निघाला म्हणून. ज्याच्या हाताला धरून शेतात नेले, तोच मुलगा आता घरावर बंदूकवाले घोडेस्वार घेऊन येतो. शीर्षकातले राक्षस आकाशातून आलेले नसतात, ते त्याच चुलीवरची भाकरी खाऊन मोठे झालेले असतात. विज्ञानकथेचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटला. दोष द्यायला परग्रहावरचा प्राणी समोर आणून उभा करायचा आणि ऐन वेळी तो बाजूला काढून घ्यायचा, म्हणजे माणसाला तोंड लपवायला जागाच उरत नाही.

लग्न होते. दोघांच्या शेतांमधून गेलेल्या नव्या सीमेवरच होते आणि डॉक्टरच ते लावते. तिथेच प्रेमच्या हातून घड्याळ पडून फुटते. तो ते उम्ब्रीनला देतो. हा आपला क्षण, तो इथेच थांबला. थोड्याच वेळात घोडेस्वार येतात. बोलून समजूत काढू म्हणून प्रेम त्यांच्यासमोर एकटा उभा राहतो. त्यांच्यातला एक जण तर युद्धात त्याच्याबरोबर लढलेला. उम्ब्रीन आणि तिची आई पळून जातात. यॅझला प्रेमला वाचवता येत नाही, कारण प्रेम वाचला तर आजी शेफील्डला येणार नाही आणि यॅझ जन्मालाच येणार नाही. ती मंडळी पाठ फिरवून चालू लागतात. मागे गोळीचा आवाज येतो. आपल्याला दिसतात ते प्रेमच्या बाजूला येऊन उभे राहिलेले दोन थिजेरियन.

वर्गात न सांगितलेले

मी गेली वीस वर्षे फाळणी शिकवते. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेलाही नव्हता. जेमतेम पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल यांच्यामधून रेषा ओढली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर. त्यामुळे बंगालमधल्या मुर्शिदाबादेत १५ ऑगस्टला पाकिस्तानचा आणि खुलन्यात भारताचा झेंडा फडकला. दोन दिवसांनी दोन्हीकडे झेंडे बदलले. सव्वा ते दीड कोटी माणसे घर सोडून निघाली. मेले किती, याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. मुले हे सगळे लिहून घेतात, दहा गुणांच्या प्रश्नासाठी पाठ करतात आणि विसरतात. त्यात मुलांची चूक नाही. दोन लाख आणि वीस लाख यांच्यामध्ये अठरा लाख माणसे आहेत; त्यांच्याजवळ कोणीच उभे नव्हते म्हणून तर आपल्याला आकडासुद्धा नीट ठाऊक नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. त्या रात्री ते पहिल्यांदा माझ्याच लक्षात आले.

या भागात उणिवा नाहीत असे नाही. पंजाब म्हणून दिसतात ते स्पेनमधले डोंगर. पंजाबातला तो सपाट, पाटाच्या पाण्याचा मुलूख ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते खटकणारच. ब्रिटिशांची जबाबदारी एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली जाते. इथे मारेकरी हिंदू आहेत म्हणून कोणाला राग येईल. पण त्या उन्हाळ्यात हिंदू, मुसलमान, शीख या तिन्हींनी मारले आणि तिन्ही मेले. पन्नास मिनिटांत एका घराची गोष्ट सांगितली आहे, सगळ्या पंजाबची नाही, एवढे ध्यानात ठेवून पाहावे.

आपण सीमेवरची माणसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. रेषा कागदावर ओढली जाते आणि स्वयंपाकघरातून जाते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही आपल्या रेषेची फाळणीशी तुलना करू नये. तसे करणे हा फाळणीत मेलेल्यांचा अवमान ठरेल. मी सांगते आहे ते वेगळेच आहे आणि ते सासूबाईंमुळे सुचलेले आहे.

"आकी केळबेकित्तु"

भागाचा शेवट असा आहे. यॅझ शेफील्डला परत येते. आता तिला सगळे ठाऊक आहे. ती आजीला एवढेच विचारते, तू सुखी झालीस का? आजी हो म्हणते आणि मग आपणहून विचारते, त्या घड्याळाची गोष्ट सांगू का? नात म्हणते, पुन्हा कधीतरी सांग.

माझ्या मुलीचे डोळे भरून आले. नात किती समजूतदार, आजीची जखम उघडी करायला नको म्हणून थांबली, असे तिचे म्हणणे. मलाही ते पटत होते. तेवढ्यात सासूबाई सुपातली फोलपटे पाखडत म्हणाल्या, "आकी केळबेकित्तु." तिने विचारायला हवे होते.

मुलगी म्हणाली, "पण अज्जी, तिला सगळं कळलं होतं की!"

"तिला कळलं होतं," सासूबाई कानडीतच म्हणाल्या, "पण त्या म्हातारीला सांगायचं होतं. ते कसं व्हायचं?"

मी गप्प झाले. इतक्या वर्षांच्या इतिहासाच्या अभ्यासात मला हे कोणी असे शिकवले नव्हते. गोष्ट ऐकणाऱ्याला माहीत होणे ही एक बाजू झाली. सांगणाऱ्याच्या तोंडून ती एकदा बाहेर पडणे, समोर कोणीतरी बसलेले असणे, ही दुसरी. थिजेरियन करतात ते तरी दुसरे काय? आणि यॅझला 'पुन्हा कधीतरी' म्हणणे परवडते, कारण तिच्या दाराशी निळी पेटी उभी आहे. आपल्याकडे ती नाही.

माझी आजी, वडिलांची आई, रात्री झोपेत कानडीत बोलायची. दिवसा आमच्या घरात ती फक्त मराठी बोले आणि तेही असे स्वच्छ की बाहेरच्याला शंका येऊ नये. तिचे माहेर कानडी होते एवढे आम्हांला माहीत होते. लहानपणी आम्ही भावंडे तिच्या झोपेतल्या बोलण्याला हसत असू. पुढे मी इतिहासात एम. ए. केले, पेशव्यांच्या सनावळ्या तोंडपाठ केल्या, पण आजीला लग्नाआधी घरात काय नावाने हाक मारत हे मी तिला विचारले नाही. ती गेली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, म्हणजे विचारायला वय होते. ते नाव आज मला माहीत नाही. सांगू शकेल असे कोणी उरलेलेही नाही.

फाळणीतल्या लोकांनाही फार उशिराच विचारले गेले. उर्वशी बुटालिया यांचे 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' हे सामान्य माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आठवणींवरचे पुस्तक १९९८ साली आले, म्हणजे फाळणीनंतर पन्नास वर्षांनी. अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये फाळणीचे संग्रहालय उघडले ते २०१७ साली, सत्तर वर्षांनी. तोवर किती घड्याळे भंगारात गेली असतील!

गांधीनगरातले पापड

जून महिन्यात पुतण्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरला गेलो. आपल्या भागात घाऊक कापड म्हटले की कोल्हापूरजवळचे गांधीनगर. माझ्या स्वतःच्या लग्नाचा बस्ताही तिथलाच. या जागेचा इतिहास मात्र दुकानाच्या पाट्यांवर लिहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे वळिवडे छावणी होती. रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून इथे राहत होते. ते गेले आणि त्यांच्या छावणीत सिंधमधून आलेली सिंधी कुटुंबे उतरली. एका देशाचे निर्वासित उठले आणि त्याच जागी दुसरे बसले. मी हे वर्गात सांगते. पण इतक्या वर्षांत तिथल्या एकाही माणसाला मी साडीच्या भावाखेरीज काही विचारले नव्हते.

आम्ही गेलो त्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक आजी बसल्या होत्या, वय पंच्याऐंशीच्या आसपास. घरचे साड्या निवडत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि मोडक्या हिंदीत विचारले, "आजी, तुम्ही इकडे आलात तेव्हा केवढ्या होता?"

त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग म्हणाल्या, आठ वर्षांची. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून इकडे. बोटीत खूप उलट्या झाल्या. मी पुढे विचारले, घरातले काय आठवते? मला वाटले सोनेनाणे सांगतील, मोठा वाडा सांगतील. त्या म्हणाल्या, "पापड." आईने गच्चीवर पापड वाळत घातले होते. निघताना आई म्हणाली, संध्याकाळी काढू. तिला वाटले होते, चार दिवसांत परत येऊ. "कितीतरी वर्षं," त्या म्हणाल्या, "पाऊस आला की आई म्हणायची, पापड भिजले असतील."

आणि त्या हसल्या. मग डोळ्यांना पदर लावला. मग पुन्हा हसल्या.

साडीचे माप घेणारी त्यांची सून हातातली पट्टी तशीच धरून उभी होती. ती माझ्याएवढीच असेल. "मी तीस वर्षं या घरात आहे," ती मला म्हणाली, "हे मी आज ऐकते."

आजींनी मला विचारले, "तू हे का विचारतेस?" मला धड उत्तर देता आले नाही. एका इंग्रजी मालिकेत दोन राक्षस दिसले म्हणून, असे काय सांगणार! मी म्हटले, "कळावं म्हणून." त्यांना ते पुरले असावे. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवले, सुनेला चहा सांगितला आणि बोटीवर कोण कोण होते ते मोजायला सुरुवात केली. आमच्या मंडळींची साडी निवडून झाली होती, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी मुलीला खूण केली, त्यांना सांग, थोडा वेळ लागेल.